घागर टेकवण्याची उंची

बार्शी तालुक्यातल्या माझ्या आजोळी वेशीजवळ एक हापसा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं त्याच्या दांड्याला लोंबकळायचो आणि पाण्याला आलेल्या बाया आमच्यावर ओरडायच्या. तिथं दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य होतं, 'हात लाव गं जरा.' घागर भरायला कुणाची मदत लागत नाही. भरलेली घागर डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवायला लागते. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन. गुडघ्यापर्यंत ती एकटीला उचलता येते, कमरेपर्यंतही येते. तिथून डोक्यापर्यंतचं जे अंतर आहे त्याला दुसरीचे हात लागतात. पहिलीला दुसरी हात लावायची, दुसरीला तिसरी. शेवटी जी उरायची ती कुणीतरी येईपर्यंत थांबायची.

अशीच एक थांबलेली बाई मला आठवते. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे १९८८-८९ चा उन्हाळा. आजीची घागर अजून भरायची होती. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, 'ये पोरी, हात लाव गं.' मी पुढं झाले, तशी आजीनं माझं मनगट धरलं. तोंडातून एक शब्द काढला नाही, नुसतं धरून ठेवलं. बाई थोडा वेळ थांबली. मग ओणवी झाली, घागर मांडीवर घेतली आणि एका हिसड्यात, निम्मं पाणी अंगावर सांडत, वर नेली. ती मातंग वस्तीतली होती हे मला घरी आल्यावर कळलं. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा साठ वर्षं होऊन गेली होती.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका इंग्रजी शब्दामुळं. काही वर्षांपूर्वी समकालीन भारतीय कलेवरचे काही लेख मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यातला एक लेख छत्तीसगडमधल्या कोंडागावच्या कलावंतांबद्दल होता आणि त्यात 'कोलॅबोरेशन' हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. मराठीत याला शब्द कमी नाहीत, हीच अडचण. 'सहकार' म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. 'सहयोग' म्हटलं की देणगीची पावती. 'सहभाग' हा सरकारी योजनांनी इतका वापरला आहे की त्यात आधी सगळं ठरतं आणि लोक मागाहून सह्या करायला येतात. 'संगनमत' थेट पोलीस ठाण्यात नेतं. मी चार दिवस अडून बसले. मग लेखासोबतच्या एका छायाचित्राकडे नीट पाहिलं. हातपंपाभोवती अर्धगोल भिंत, भिंतीला कोनाडे, आणि एका कोनाड्याच्या कडेवर टेकवलेलं पाण्याचं भांडं. ते भांडं जमिनीवर नव्हतं आणि डोक्यावरही नव्हतं. बरोबर त्या मधल्या अंतरात होतं, जिथं माझ्या आजोळच्या बाया एकमेकींना हाक मारायच्या.

हातपंप ही सगळ्यांना इतकी ओळखीची वस्तू आहे की तिलाही इतिहास असेल असं कुणाच्या मनात येत नाही. स्वातंत्र्यानंतर खेड्यांत बसवले गेलेले सुरुवातीचे हातपंप ओतीव लोखंडाचे होते आणि त्यांचे मूळ नमुने अमेरिका-युरोपातल्या शेतघरांसाठी केलेले होते. एका कुटुंबानं दिवसातून चार वेळा हापसावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. आपल्याकडे त्याच दांड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव तुटून पडलं आणि पंप मोडले. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांत विंधन विहिरी खोदण्याचा सपाटा लागला. पाणी लागायचं, पंप मात्र टिकायचे नाहीत. यावर पहिले नीट उपाय निघाले ते मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या सोलापुरात. जालन्याला मिशनच्या विंधन विहिरींच्या कामातून पोलादी पंप तयार झाला, आणि सोलापूरचा पंप त्याहून टिकाऊ ठरला. सोलापूरच्या पंपाची रचना एका स्वशिक्षित मेकॅनिकची, असं सांगितलं जातं. तोच पाया धरून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' उभा केला. डोक्याच्या पेटीत साखळी, दांड्याला बॉल बेअरिंग, कठीण खडकातल्या खोल बोअरलाही चालेल असा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे पन्नास लाख पंप तयार होऊन जगभर बसले होते. आमच्या वेशीवरचा हापसा याच घराण्यातला. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरीला ही माहिती चाळिशीत कळावी, याची मला थोडी लाज वाटली.

या पंपाची एक खोड होती. आतला वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप वर ओढून काढावे लागायचे, त्यासाठी तालुक्याहून माणसं यायची, आणि ती येईपर्यंत गाव जुन्या विहिरीवर. गावातल्याच माणसाला दुरुस्त करता यावा म्हणून पुढं 'मार्क थ्री' आला. म्हणजे पंप किती टिकेल हा विचार झाला, कोण दुरुस्त करेल हाही झाला. पण पंपाचं काम तोटीपाशी संपतं. तिथून पुढचं काम बाईचं, आणि त्या कामाचा विचार करायला जो माणूस आला तो अभियंता नव्हता.

कोंडागाव रायपूर-जगदलपूर रस्त्यावर आहे. केशकाळच्या घाटाची वळणं चढून वर गेलं की बस्तरचं पठार लागतं, त्यावर हे गाव. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. १९९७ साली नवजोत अल्ताफ तिथं गेल्या तेव्हा तो बस्तर जिल्ह्याचा भाग होता आणि बस्तर मध्य प्रदेशात होतं. बाहेरच्या कलावंतांना बस्तरची वाट नवीन नव्हती. जर्मनीत शिकून आलेल्या मीरा मुखर्जी साठच्या दशकात इथल्या घडवा कारागिरांकडे मेणाचा साचा करून धातू ओतायची पद्धत शिकायला आल्या होत्या. शिल्पकलेची पदवी हाती असलेल्या बाईनं भट्टीपाशी बसून पुन्हा मुळाक्षरं गिरवावीत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर १९८२ साली भोपाळला भारत भवन उभं राहिलं. जगदीश स्वामीनाथन यांनी तिथं शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना एका छताखाली, एका मानानं मांडलं. जनगढसिंह श्याम यांच्यासारखा प्रधान गोंड तरुण त्यातूनच जगभर पोचला. पण निवड करणारा डोळा कुणाचा, कुणाला कुठं पाठवायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथंही सुटला नाही. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात मुक्कामाला असताना जनगढ यांनी आयुष्य संपवलं. त्या बातमीनं भारतीय कलाजगत काही दिवस हादरलं, आणि मग चित्रांच्या किमती वाढत राहिल्या.

नवजोत यांचा जन्म मेरठचा, १९४९ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सत्तरच्या दशकात त्या आणि त्यांचे चित्रकार पती अल्ताफ डाव्या युवक चळवळीत होते. चित्रं दालनातून बाहेर काढून कामगार वस्त्यांत न्यायची, पोस्टर करायची, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. पुढं बाबरी मशीद पडली, १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगली झाल्या, आणि आपण 'लोकांसाठी' काढतो त्या चित्रांत लोक नेमके कुठे आहेत, असा प्रश्न त्यांना पडला. मला वाटतं, बस्तरची वाट तिथून सुरू होते. 'लोकांसाठी' मधला 'साठी' खुपायला लागल्याशिवाय मुंबईत नाव झालेली चित्रकार एवढ्या लांब जाऊन, आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा जाऊन, काम करणार नाही.

त्या गेल्या त्या जयदेव बघेल यांच्या शिल्पीग्राममध्ये. बघेल हे घडवा कलेतले नावाजलेले कलावंत, त्यांनी गावातल्या कारागिरांसाठी ही जागा उभी केलेली. नवजोत यांच्या पहिल्या प्रकल्पासाठी बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं पाठबळ होतं, आणि त्याचं नाव होतं 'मोड्स ऑफ पॅरलल प्रॅक्टिस'. त्यातला 'पॅरलल' मला फार प्रामाणिक वाटतो. एका अंगणात, शेजारी शेजारी, पण आपापलं लाकूड आपण कोरायचं. राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम विश्वकर्मा ही मंडळी आपलं काम करायची, नवजोत आपलं. मग बोलायचं. कामाबद्दल, मजुरीबद्दल, नवऱ्यांबद्दल, दलालांबद्दल. गळ्यात गळे घालायची घाई कुणाला नव्हती. शांतीबाई शिल्पीग्राममध्ये मजुरीच्या कामाला होत्या. लाकूड कोरणं हे बाईचं काम मानलं जात नव्हतं. त्या शिकल्या, कोरू लागल्या, आणि वीस वर्षांनी, २०१८ च्या कोची-मुझिरिस बिएनालेत त्यांचं काम त्यांच्या स्वतःच्या नावानं उभं होतं. ही वीस वर्षं लेखात एका वाक्यात येतात, अनुवादातही एकाच वाक्यात येतात. करायला मात्र वीस वर्षंच लागतात.

'नलपार' सुरू झाले ते २००० च्या आसपास. नलपार म्हणजे हातपंपाची जागा. हल्बी ही बस्तरची बोलण्याची, बाजाराची भाषा. ग्रिअर्सननं आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात ठेवलं होतं. आज ती ओडिया आणि मराठी यांच्या मधली मानतात. हल्बीत मुलगा 'लेका', मुलगी 'लेकी'. 'तुमचं' म्हणायला 'तुमचो'. मराठी माणसाला ती कळेल असं वाटतं आणि तिथंच फसायला होतं. 'नलपार' ऐकताच माझ्या कानाला गावच्या वडाचा पार दिसला, दुपारी म्हातारे बसतात तो. मी लगेच 'नळाचा पार' असं लिहून मोकळी झाले होते. पण पारावर बसतात पुरुष. हातपंपापाशी बायका उभ्या असतात, वाकलेल्या असतात, घाईत असतात. शब्द कानाला जवळचा वाटला म्हणून जागा जवळची होत नाही. मी 'नलपार' तसाच ठेवला.

काम असं झालं. पंपाभोवतीची जागा म्हणजे सगळीकडे असते तशीच, साचलेलं पाणी, चिखल, त्यात डुकरं आणि डास. कलावंतांनी वस्तीतल्या बायकांशी, मुलांशी बोलायला सुरुवात केली. कार्यशाळा घेतल्या, कागदावर चित्रं काढून घेतली. पाणी कोण भरतं? किती वेळा? मुली किती वर्षांच्या असताना भरू लागतात? गरोदरपणी कोण भरतं? कुठं दुखतं? यातून जे ठरलं ते बांधायचं. सांडपाणी वाहून जायला नीट वाट. बायकांना थोडा आडोसा मिळेल अशी भिंत. भिंतीवर त्यांच्या-त्यांच्या ओळखीच्या खुणा, काही जुन्या देवाधर्माच्या, काही नव्यानं सुचलेल्या. आणि भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर कोनाडे. बस्तरमध्ये पाण्याच्या भांड्याला गुंडी म्हणतात, विदर्भातही हा शब्द आहे. भरलेली गुंडी आधी खालच्या कडेवर टेकवायची, दम घ्यायचा, मग वरच्या कडेवर, आणि तिथून डोक्यावर किंवा खांद्यावर घ्यायची. दहा वर्षांच्या मुलीची वरची कड वेगळी, तिच्या आईची वेगळी.

एवढंच. कलेच्या इतिहासात यापेक्षा भव्य गोष्टी पुष्कळ आहेत. माझ्या मते मात्र या कामाचा गाभा त्या उंचीत आहे, कारण ती विचारल्याशिवाय कळत नाही. भिंतीवरचं चित्र कलावंत आपल्या मनानं काढू शकतो. कोनाडा किती वर हवा हे सांगायला जी बाई रोज उचलते तीच लागते, आणि तिनं सांगावं म्हणून तिच्या शेजारी तिच्या वेळेत उभं राहावं लागतं. टिकाऊपणा, समुदाय, माणसांचं नातं हे शब्द गेली वीस वर्षं कलेच्या प्रदर्शनपत्रिकांत मुबलक सापडतात. ते वाचताना मी मनातल्या मनात विचारते, उंची कुणाला विचारली होती?

कोंडागावच्या गटानं पुढं 'डायलॉग' या नावानं संस्था बांधली. नलपारांच्या मागोमाग 'पिल्ला गुडी' आल्या, मुलांनी जमावं, खेळावं, चित्रं काढावीत, मोठ्यांचं ऐकावं आणि मोठ्यांना ऐकवावं यासाठीच्या जागा. हा शब्दही मला दोनदा चकवून गेला. 'पिल्ला' म्हणजे पोर, आपलं पिल्लू त्याच घरातलं. 'गुडी' वाचताना मात्र मराठी डोळा पाडव्याची गुढी उभारतो. मी गेली वीस वर्षं हैदराबादेत राहते, तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ हे रोज ऐकते, तरी पहिल्या खर्ड्यात मी 'पोरांची गुढी' लिहिलंच. बस्तरमध्ये गावदेवीचं ठाणं म्हणजे माता गुडी. तेव्हा पिल्ला गुडी म्हणजे लेकरांची देवळं. मराठीच्या बाजूचा एक शब्द आणि तेलुगूच्या बाजूचा एक, दोघं एका दारात. भाषा तज्ज्ञांची वाट न बघता हे उद्योग कधीपासून करत आल्या आहेत.

या कामावर आक्षेप आहेत आणि ते घेणारे मूर्ख नाहीत. पहिला आक्षेप, ही कला कशी, हे तर ग्रामपंचायतीचं काम. ग्रँट केस्टर या अमेरिकी अभ्यासकानं २०११ च्या आपल्या पुस्तकात कोंडागावच्या गटाबद्दल विस्तारानं लिहिलं. अशा कामांत वस्तूइतकीच तिच्यामागची दीर्घ बोलाचाल हीच कला, असं त्याचं म्हणणं. क्लेअर बिशप या ब्रिटिश समीक्षक बाईंनी २००६ साली अशा सगळ्या कलेवर बोट ठेवलं होतं. सहभागाच्या कलेला आपण चांगुलपणाच्या फुटपट्टीनं मोजतो, ती कला म्हणून कशी आहे हे विचारायला कचरतो, असा त्यांचा मुद्दा. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. बिशपबाईंचा संशय आपल्याकडे तर फारच कामाचा आहे, कारण इथं समाजसेवेचा गंध लावला की वाईट कविताही खपते. पण त्या छायाचित्रातल्या भिंतीला वळण आहे. कोनाड्यांच्या जागांना लय आहे, आणि ती लय हाताच्या हालचालीतून आली आहे. ती पाहून मला चांगुलपणा आधी आठवला नाही. पाठ आठवली.

दुसरा आक्षेप जास्त कठीण. कोनाडा आला म्हणजे 'हात लाव गं' गेलं. जिथं एकीला दुसरीची गरज होती तिथं सिमेंटची कड आली, मग माणसांचं नातं वाढलं की कमी झालं? हा प्रश्न मला कुठल्या समीक्षकानं घातला नाही, मीच स्वतःला घातला, आणि अनुवाद बाजूला ठेवून बरेच दिवस त्यावर घुटमळले. आमच्या हापशावरचं एकमेकींना हात लावणं आठवून गहिवरायला सोपं आहे. पण त्या गहिवरात माझं धरलेलं मनगट बसत नाही. 'हात लाव' म्हणायचा हक्क सगळ्यांना नव्हता. मराठीत 'हात लावणे' म्हणजे मदत करणे, आणि 'हात लावू नको' म्हणजे विटाळ. एकाच क्रियापदाच्या या दोन टोकांमध्ये आमचं गाव वसलेलं होतं. जिला कुणीच हात लावणार नाही तिच्यासाठी सिमेंटची कड हे नात्याचं नुकसान नाही. कोंडागावच्या कार्यशाळांत आदिवासी आणि बिगर-आदिवासी, बायका आणि पुरुष, पोरं आणि म्हातारे एका जागी बसून एका पंपाबद्दल बोलत होते, असं केस्टरनं नोंदवलं आहे. कड बांधून झाली त्या दिवसापेक्षा ती किती उंच असावी यावर वाद झाला तो दिवस मला मोठा वाटतो.

बस्तरबद्दल लिहायचं आणि बाकीचं वगळायचं, हे बरं नाही. २००५ पासून सलवा जुडूमच्या काळात दक्षिण बस्तरमधली गावंच्या गावं उठली. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं, तोवर पुष्कळ काही होऊन गेलं होतं. छत्तीसगडमध्ये खाणी वाढत राहिल्या. नवजोत यांचं पुढचं काम त्या खाणींकडे, जमिनीकडे आणि विस्थापनाकडे वळलं. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, नॅन्सी अदजानिया यांनी रचलेलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ, पृथ्वीचं उपटून काढलेलं काळीज. मी हैदराबादहून मुद्दाम गेले. सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या त्या गोल जिन्यांवरून वर जाताना खाली चित्रफितींतून बस्तरच्या माणसांचे आवाज येत होते आणि वर मुंबईची मंडळी कुजबुजत होती. पाण्याखालची जमीनच कुणाची राहणार हा प्रश्न तिथं भिंतभर होता. त्याच्यापुढं एक कोनाडा फार लहान दिसतो. मला तो लहान दिसल्याचा राग आला, तोही माझ्याजवळच राहू दे.

त्या प्रदर्शनातून बाहेर पडताना मला माझंच एक पुस्तक आठवत होतं. पंधराएक वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंनी सांगितलेल्या कहाण्यांचा मी इंग्रजीत अनुवाद केला. त्या सांगायच्या, मी ध्वनिमुद्रण करायचे. कुठल्या कहाणीनंतर कुठली यावी हे त्यांनीच ठरवलं होतं, एक कहाणी तर मी चुकीची समजले म्हणून त्यांनी तीनदा सांगितली होती. पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं नाव, 'संकलन आणि अनुवाद'. त्यांचं नाव ऋणनिर्देशात, चौथ्या ओळीत, छायाचित्रकाराच्या खाली. प्रकाशकांनी सांगितलं, हीच पद्धत आहे. मी हो म्हटलं. भांडले नाही, मला ते बरंच वाटलं असणार. प्रत द्यायला गेले तेव्हा बाईंनी पुस्तक कपाळाला लावलं. त्यांच्या नातवानं ते हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, 'ह्यात आजीचं नाव कुठाय?' मी पान उघडून दाखवलं. त्यानं ती ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि चहा ठेवायला आत गेला. बाई आता नाहीत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. नलपारांबद्दलच्या लेखांत राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम ही नावं पुन्हा पुन्हा येतात तेव्हा प्रत्येक वेळी ती नीट टंकली आहेत ना, हे मी दोनदा तपासत होते. त्यानं काही फिटत नाही हे मला कळतं.

'कोलॅबोरेशन'चं शेवटी काय केलं, ते सांगायचं राहिलं. काही ठिकाणी 'सोबतीनं केलेलं काम' लिहिलं, आणि जिथं जिथं नलपारांचा विषय होता तिथं 'हात लावणं' लिहिलं. संपादकांचा निरोप आला की हे फार घरगुती वाटतं, वाचकाला 'स्पर्श करणं' असं वाटेल. मी उत्तर पाठवलं, वाटू द्या.

त्याच आठवड्यात आईला फोन केला. ती आता पंचाहत्तरीची आहे, आजोळच्या गोष्टी तिला कालच्यापेक्षा स्पष्ट आठवतात. मी विचारलं, 'आई, वेशीवरच्या हापशापाशी घागर टेकवायला काही होतं का गं? ओटा, कट्टा, असं काही?'

'ओटा कुठला. दगड होता की.'

'कसला दगड?'

'अगं, एवढा. मांडीएवढा. त्यावर घागर ठेवायची, मग उचलायला सोपं जायचं. दोन दगड होते.'

'दोन कशाला?'

आई क्षणभर थांबली. 'एक आपला,' ती म्हणाली, 'आणि एक पलीकडं, नालीच्या अंगाला. त्यांचा.'

'कुणी ठेवले होते?'

'कोण ठेवणार? बायांनीच आणले असतील लोटत.'

'आणि त्यांचा केवढा होता?'

'आपल्यापेक्षा उंच होता,' आई म्हणाली. 'त्यांना कोण हात लावणार?'